एअरगन परदेशातून आणायची आहे? आधी परवानगी, मग तिकीट

विमानाच्या सामानातून एअरगन आणण्याविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: ड्यूटी किती पडेल? ड्यूटीचा हिशोब शेवटी येतो. त्याआधी माल देशात येऊ शकतो की नाही, हे ठरतं, आणि ते विमानात बसण्यापूर्वीच ठरवून घ्यावं लागतं.

प्रश्न : स.न.वि.वि. माझा भाचा जर्मनीत असतो. तिथे अठरा वर्षांवरच्या माणसाला कमी ताकदीची एअर रायफल दुकानात परवान्याशिवाय मिळते. आपल्याकडेही .१७७ बोअरच्या, म्हणजे नळीचा आतला व्यास ०.१७७ इंच असलेल्या, एअरगनला परवाना लागत नाही. दिवाळीला येताना त्याने ती आणली आणि विमानतळावर रीतसर ड्यूटी भरली, तर अडचण काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : अडचण ड्यूटीची नाही, परवानगीची आहे. एकाच वस्तूला इथे दोन वेगवेगळे कायदे लागतात आणि एकातून सुटका झाली म्हणजे दुसऱ्यातून झाली, असं होत नाही.

पहिला शस्त्र कायदा, १९५९. त्यातली अग्निशस्त्राची व्याख्या केवळ दारूच्या स्फोटापुरती नाही. स्फोटकाने किंवा 'इतर कोणत्याही ऊर्जेने' गोळी फेकणारं शस्त्र तिच्यात येतं. त्यामुळे 'ही तर हवेची बंदूक' हा युक्तिवाद कस्टम्सच्या टेबलावर टिकत नाही. शस्त्र नियम, २०१६ मध्ये एअरगनसाठी सीमारेषा आखली आहे: बोअर ४.५ मिमी, म्हणजे .१७७ पर्यंत, आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० जूलच्या आत. या रेषेच्या आतली एअरगन बाळगायला परवाना लागत नाही. कलम १० सांगतं की ज्याला शस्त्र बाळगण्याची मुभा आहे, तो ते स्वतःच्या वापरासाठी वाजवी संख्येत देशात आणू शकतो. पुष्कळजण इथपर्यंत वाचतात आणि निश्चिंत होतात. पण त्याच कलमाचं दुसरं पोटकलम कस्टम्सला अधिकार देतं की मुभेबद्दल, संख्येबद्दल किंवा वापराबद्दल शंका आली, तर केंद्र सरकारचा आदेश येईपर्यंत शस्त्र अडकवून ठेवता येतं.

दुसरा अडथळा आयात धोरणाचा. स्प्रिंग, हवा किंवा वायूवर चालणाऱ्या बंदुका आणि पिस्तुलं कस्टम्सच्या वर्गीकरणात शीर्षक ९३०४ मध्ये येतात आणि विदेश व्यापार महासंचालनालयाच्या यादीत त्यांची आयात 'रिस्ट्रिक्टेड', म्हणजे परवानगी घेऊनच करण्याजोगी, आहे. परवानगीशिवाय आणलेला असा माल कस्टम्स कायदा, १९६२ नुसार प्रतिबंधित माल धरला जातो. मग कलम १११ खाली जप्ती, कलम ११२ खाली दंड. दंडाची कमाल मर्यादा मालाची किंमत किंवा ५,००० रुपये, यातली जी रक्कम जास्त असेल ती. दंड भरून माल सोडवण्याचा पर्याय कलम १२५ मध्ये आहे, पण प्रतिबंधित मालाच्या बाबतीत तो द्यायचा की नाही, हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे.

जर्मनीतल्या रायफलीवर पंचकोनात एफ हे अक्षर कोरलेलं असतं. ती ७.५ जूलच्या आतली आहे, याची ती खूण. आपल्या २० जूलच्या मर्यादेत ती आरामात बसते आणि ताकदीचा पुरावा म्हणून हे अक्षर उपयोगी पडतं. पण ते आयातीची परवानगी नव्हे. हौसेखातर हवी असेल, तर इथल्या परवानाधारक विक्रेत्याकडून घ्या. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा देऊन पक्क्या बिलावर .१७७ मिळते. भाच्याला दिवाळीच्या गर्दीत रेड चॅनेलवर, म्हणजे माल जाहीर करणाऱ्यांच्या रांगेत, उभं करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

प्रश्न : अमेरिकेतून मेहुणे येत आहेत. खोक्यावर '.१७७, १००० एफपीएस' असं छापलं आहे. ही मर्यादेत बसते का? त्यांच्याकडे .२२ चीही एक आहे. (नागपूर)

उत्तर : .२२ म्हणजे ५.५ मिमी. ती बोअरवरच बाहेर पडते. ताकद कितीही कमी असली तरी परवाना लागतो.

.१७७ चं गणित मात्र करून पाहावं लागतं, कारण खोक्यावरचा वेग कोणत्या पेलेटने, म्हणजे एअरगनच्या छोट्या गोळीने, काढला, हे ठळकपणे छापलेलं नसतं. सूत्र सोपं आहे: वेगाचा (फूट प्रतिसेकंद, म्हणजेच एफपीएस) वर्ग करा, त्याला पेलेटच्या ग्रेनमधल्या वजनाने गुणा आणि ४,५०,२४० ने भागा. उत्तर फूट-पाउंडमध्ये येतं, १.३५६ ने गुणलं की जूल. नेहमीची शिशाची ७.९ ग्रेनची पेलेट खरोखर १००० च्या वेगाने सुटत असेल, तर १७.५ फूट-पाउंड, म्हणजे जवळपास २४ जूल. मर्यादा ओलांडली. तोच वेग ५.२ ग्रेनच्या हलक्या मिश्रधातूच्या पेलेटने मिळवला असेल, तर साधारण १५.७ जूल. जाहिरातीतले मोठे आकडे बहुधा हलक्या पेलेटवर काढलेले असतात. टेबलावरचा अधिकारी मात्र खोक्यावरचा आकडा वाचणार, आणि शंका आली की शस्त्र तपासणीसाठी थांबणार. म्हणून उत्पादकाचं तांत्रिक पत्रक, ज्यात पेलेटचं वजन आणि जूलमधली ऊर्जा दोन्ही लिहिली आहेत, ते छापून सोबत असावं. तुलनेसाठी सांगायचं, तर दहा मीटरच्या स्पर्धेची रायफल ०.५३ ग्रॅमची पेलेट सेकंदाला १७० ते १७५ मीटर वेगाने सोडते. ती आठ जूलच्या आसपास राहते.

आणखी एक गोष्ट विचारलेली नाही, तरी सांगतो. अमेरिकेतल्या अनेक एअर रायफलींच्या नळीला आवाज कमी करणारा मॉडरेटर बसवलेला असतो. आवाज किंवा ज्वाळा कमी करण्यासाठी बनवलेली जोडवस्तू आपल्या शस्त्र कायद्यात अग्निशस्त्राच्याच व्याख्येत मोडते. तो सुटा करून वेगळ्या बॅगेत घातला तरी तेच. मॉडरेटर मुळीच आणू नका.

प्रश्न : माझी मुलगी राष्ट्रीय स्पर्धेत खेळते. युरोपातल्या सराव शिबिराहून येताना तिथल्याच विक्रेत्याकडून मॅच रायफल (स्पर्धेची एअर रायफल) घ्यावी, असं प्रशिक्षक म्हणतात. कागदपत्रं कोणती आणि कोणत्या क्रमाने? (कोल्हापूर)

उत्तर : नेमबाजांसाठी रस्ता आहे आणि तो चांगला रुळलेला आहे. तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांच्या कोल्हापुरात तो माहीत असलेली माणसंही शोधावी लागणार नाहीत. फक्त क्रम चुकवू नका.

सुरुवात खेळाडूच्या दर्जापासून. शस्त्र नियम, २०१६ मध्ये 'रिनाउन्ड शूटर' ही वेगळी श्रेणी आहे. राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेऊन राष्ट्रीय रायफल संघटनेने ठरवलेले किमान गुण मिळवलेला खेळाडू तिच्यात बसतो. तिचं त्या वर्षाचं गुणांचं प्रमाणपत्र आणि शूटर आयडी आधी हाताशी घ्या. मग राज्य संघटनेमार्फत राष्ट्रीय संघटनेकडे शिफारशीसाठी अर्ज करा. अर्जासोबत विक्रेत्याचं प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे विक्रीआधी दिलेलं कच्चं बिल, लागतं आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. इन्व्हॉइसवर नुसतं 'एअर रायफल' असून भागत नाही. उत्पादक, मॉडेल, ४.५ मिमी, ऊर्जा जूलमध्ये, उजव्या की डाव्या हाताची, सुटे भाग वेगळ्या ओळीत आणि किंमत, इतकं सगळं हवं. अनुक्रमांक मिळत असेल, तर तोही आधीच लिहून घ्या. शिफारस एका मॉडेलची आणि हातात दुसरं, असं झालं तर तो कागद टेबलावर निरुपयोगी ठरतो. डाव्या हाताच्या मुलींच्या बाबतीत विक्रेते ऐनवेळी मॉडेल बदलतात, तिकडे खास लक्ष असू द्या.

आयात परवाना घ्यायचा असेल, तर विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर रिस्ट्रिक्टेड वस्तूंचा अर्ज भरावा लागतो आणि तो दिल्लीतल्या समितीपुढे जातो. त्याला वेळ लागतो. शिबिराची तारीख ठरली की त्याच आठवड्यात कागद हलवायला लागा. तिकीट आणि रायफलीचे पैसे, दोन्ही परवानगी हातात आल्यावर. शुल्कसवलतीसाठी क्रीडासाहित्याची १९९४ सालची अधिसूचना क्रमांक १४६ आहे, पण तिचा लाभ आपोआप मिळत नाही. पात्रतेचं पत्र त्या खेळाडूच्या नावाने आणि त्या वस्तूसाठी असावं लागतं.

मुलगी उतरेल तेव्हा मूळ कागद तिच्या हातातल्या बॅगेत हवेत, रायफलीच्या पेटीत नव्हे. पेटी मोठ्या सामानाच्या पट्ट्यावर वेगळी येते आणि कधीकधी थेट कस्टम्सकडे जाते. रायफल प्रशिक्षकांच्या किंवा दुसऱ्या खेळाडूच्या सामानात टाकून आणू नका. परवानगी ज्याच्या नावाची, माल त्याच्याच सामानात.

वापरलेली रायफल स्वस्तात मिळत असेल, तर हवेच्या सिलिंडरवरची तारीख बघा. मॅच रायफलींच्या सिलिंडरला उत्पादक बनवल्यापासून दहा वर्षांची मुदत देतात. नऊ वर्षं झालेला सिलिंडर म्हणजे नव्या सिलिंडरचा खर्च आणि त्यासाठी पुन्हा आयातीचा सोपस्कार.

प्रश्न : परवानगी हातात आहे. आता पेटी कशी भरायची? गॅस, पेलेट, बॅटरी यांचं काय? (पुणे)

उत्तर : एअरगन हातातल्या बॅगेत कधीच नाही. सुटी नळी, ट्रिगर युनिट, पेलेट, काहीही नाही. सगळं चेक-इनमध्ये, कुलूप लावलेल्या कडक पेटीत. विमान कंपनीला निदान तीन-चार दिवस आधी लेखी कळवा आणि त्यांचं उत्तर छापून घ्या. प्रवासात दोन कंपन्या असतील, तर दोघींचंही. पहिलीने घेतलेली पेटी दुसरीच्या काउंटरवर अडते, हे नेहमी होतं.

पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या, रायफलीचा सिलिंडर काढून रिकामा करायचा. दाबमापक शून्यावर आला म्हणजे झालं, असं समजू नका. दाबाखालची हवा विमानाच्या नियमांत धोकादायक माल आहे. सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा किंवा काढलेला असेल आणि आत डोकावून पाहता येत असेल, तर वाद उरत नाही. व्हॉल्व्हचं तोंड आणि सिलिंडरचा आटा यांवर धूळ बसू नये म्हणून स्वच्छ प्लास्टिकचं टोपण घाला. धुळीच्या एका कणाने नंतर ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) चिरते आणि घरी आल्यावर हवा गळत राहते. अमेरिकेतून निघताना तर सिलिंडर रायफलीपासून वेगळा असणं हीच अट आहे.

१२ ग्रॅमच्या सीओटू कॅप्सूलांबाबत: आंतरराष्ट्रीय नियमांत ५० मिलिलिटरपर्यंत क्षमतेच्या, ज्वलनशील नसलेल्या वायूच्या चार छोट्या नळ्यांपर्यंत मुभा आहे, तीही कंपनीच्या संमतीने. आमचा सल्ला, आणूच नका. इथे मिळतात आणि त्यांच्यापायी अख्खी पेटी उतरवली जाते.

सिलिंडर भरण्यासाठी लागणारी सात-दहा लिटरची स्कूबा टाकी आणण्याचा मोह अनेकांना होतो. ५०० मिलिलिटरपेक्षा मोठा सिलिंडर गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येतो आणि त्याला पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेची, म्हणजे पेसोची वेगळी मंजुरी लागते. रायफलीचा स्वतःचा सिलिंडर त्याहून बराच लहान असतो. टाकीऐवजी हातपंप घ्या.

पेलेटमध्ये दारू नसते, पण कस्टम्सच्या वर्गीकरणात त्या काडतुसांच्याच शीर्षकात, ९३०६ मध्ये आहेत. परवानगीच्या पत्रात त्यांची संख्या लिहून घ्या. पाचशेच्या एका डबीत साधारण २६५ ग्रॅम शिसं असतं आणि एक्स-रेवर तो एकसंध काळा ठिपका दिसतो. दहा डब्या एकावर एक रचल्या की खालचं काहीच दिसत नाही आणि पेटी उघडावी लागते. एकाच थरात पसरून ठेवा. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र उलट: त्या चेक-इनमध्ये चालत नाहीत, टोकांना चिकटपट्टी लावून हातातल्या बॅगेत ठेवा. नळीतून रंगीत सेफ्टी कॉर्ड आरपार घालून ठेवली, तर शस्त्र रिकामं आहे हे उघडल्या क्षणी दिसतं.

आणि पुण्याच्या वाचकांसाठी: मुंबई किंवा दिल्लीला उतरून पुढे देशांतर्गत विमान पकडणार असाल, तर कस्टम्स साधारणपणे पहिल्या विमानतळावरच होतं. दोन विमानांमध्ये किमान पाच-सहा तास ठेवा.

प्रश्न : सिंगापूरमार्गे गोव्याला येतोय. बाहेर पडणार नाही, फक्त विमान बदलणार. तिथला कायदा लागतो का? (म्हापसा)

उत्तर : लागू शकतो. सिंगापुरात एअरगन हीसुद्धा परवान्याची वस्तू आहे. पेटी थेट गोव्यापर्यंत टॅग झाली तरी विमान चुकलं, रात्र काढावी लागली, किंवा सामान पुन्हा ताब्यात घ्यावं लागलं, तर ती तुमच्या नावाने त्या देशात येते. आखातातल्या विमानतळांवरही आधी परवानगी विचारतात. शक्य असेल, तर थेट विमान घ्या. महाग पडलं तरी चालेल.

प्रश्न : महिन्याभरापूर्वी मुंबईत माझी एअर पिस्तूल अडकवली. हातात फक्त डिटेन्शन रिसीट (माल अडकवल्याची पावती) आहे. मी रेड चॅनेलवर स्वतः सांगितलं होतं. आता काय करू? (डोंबिवली)

उत्तर : तुम्ही स्वतःहून सांगितलंत, ही तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. ग्रीन चॅनेलमधून जाताना सापडलेल्यांना ती नसते.

आधी रिसीट नीट वाचा. वस्तूचं वर्णन, अनुक्रमांक, धरलेली किंमत, अडकवण्याचं कारण आणि 'प्रवाशाने जाहीर केले' असा उल्लेख आहे का, हे पाहा. उल्लेख नसेल, तर भरलेल्या घोषणापत्राची प्रत जोडून आजच विमानतळ कस्टम्सच्या सहायक किंवा उपायुक्तांना पत्र द्या आणि पोच घ्या.

त्याच पत्रात तुम्हाला काय हवं ते स्पष्ट लिहा. परवानगी मिळण्याजोगी नसेल, तर माल परत परदेशी पाठवण्याची मागणी करा. कस्टम्स कायद्याचं कलम ८० याच कामाचं आहे: खरी घोषणा केलेली प्रतिबंधित वस्तू कस्टम्सकडे ठेवून देश सोडताना परत घेता येते. स्वतः जाणार नसाल, तर तुम्ही अधिकारपत्र दिलेला दुसरा प्रवासी ती नेऊ शकतो किंवा तुमच्या नावाने कार्गोने पाठवता येते. पाठवणार त्या देशात ती घेता येईल, याची खात्री मात्र आधी करा.

प्रकरण जप्तीकडे गेलं, तर नोटीस येते. ती तोंडी व्हावी, अशी विनंती करता येते आणि त्याने निकाल लवकर लागतो. पण किमतीबद्दल किंवा वस्तूच्या ताकदीबद्दल वाद असेल, तर लेखी नोटीसच मागा, कारण पुढे अपिलात कागद लागतो. माल रीतसर जप्त झाला असेल, तर सहा महिन्यांत नोटीस द्यावी लागते. ही मुदत आणखी सहा महिने वाढवता येते. आदेश विरुद्ध गेला तर ६० दिवसांत आयुक्तांकडे अपील. त्यानंतर पुष्कळ वकीलही न्यायाधिकरणाची वाट दाखवतात, पण बॅगेजच्या प्रकरणात तिथे दाद मागता येत नाही. पुढची पायरी म्हणजे केंद्र सरकारकडे तीन महिन्यांच्या आत पुनरीक्षण अर्ज. चुकीच्या दारात गेलेला वेळ परत मिळत नाही.

प्रश्न : वीस वर्षांनी अमेरिकेतून कायमचे परत येत आहोत. ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्समध्ये, म्हणजे वास्तव्य भारतात हलवणाऱ्यांच्या सवलतीत, एक शस्त्र आणता येतं, हे खरं का? (सध्या न्यू जर्सी, मूळ सातारा)

उत्तर : खरं आहे, पण अटींसह. किमान एक वर्षासाठी राहायला येणाऱ्याला परवानगीच्या बोअरचं एक अग्निशस्त्र आणता येतं. ते परदेशात किमान वर्षभर तुमच्या ताब्यात आणि वापरात असलं पाहिजे, भारतातला वैध शस्त्र परवाना हवा, लागू असेल ती ड्यूटी भरायची, आणि नंतर ते हयातभर विकता, उसनं देता किंवा कुणाच्या नावे करता येत नाही. .२२ ची एअर रायफल आणायची, तर हा परवाना जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तालयातून आधी काढावा लागेल. वर्षभराच्या वापराचा पुरावा म्हणून खरेदीचं जुनं बिल सांभाळा. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने एअरगनची नोंदणी होत नाही, त्यामुळे बिलाखेरीज दुसरा कागद सहसा नसतोच.

प्रश्न : मुलासाठी सहा मिमी प्लास्टिक गोळ्यांचं एअरसॉफ्ट पिस्तूल खेळणं म्हणून आणलं तर? (इचलकरंजी)

उत्तर : नको. खेळण्याखेरीज दुसरा कुठलाच उपयोग होऊ शकत नाही आणि ज्याचं खरं शस्त्र बनवता येत नाही, तेवढ्यालाच शस्त्र कायद्यातून सूट आहे. एअरसॉफ्टचा उल्लेख शस्त्र नियमांत एअरगनच्याच जोडीने येतो. त्यातून हुबेहूब खऱ्यासारखं दिसणारं धातूचं पिस्तूल एक्स-रेवर दिसलं, तर पहिला तास ते खरं नाही हे सिद्ध करण्यात जातो, आणि शेजारी मूल उभं असतं.

प्रश्न : माझी स्वतःची, इथेच घेतलेली एअर रायफल स्पर्धेसाठी बाहेर नेऊन परत आणायची आहे. परतताना ड्यूटी किंवा परवानगीचा प्रश्न येईल का? (नाशिक)

उत्तर : जाताना एक कागद घेतलात, तर येत नाही. तो म्हणजे एक्स्पोर्ट सर्टिफिकेट. चेक-इन करण्याआधी निर्गमन कक्षातल्या कस्टम्सकडे पेटी उघडून दाखवायची. तिथे मॉडेल, अनुक्रमांक आणि सुट्या भागांचं वर्णन लिहून शिक्क्यासह प्रमाणपत्र मिळतं. पेटी पट्ट्यावर गेल्यावर ते मिळत नाही, म्हणून नेहमीपेक्षा दोन तास लवकर निघा. सोबत मूळ बिल, स्पर्धेचं निमंत्रण आणि संघटनेचं पत्र ठेवा. अनुक्रमांक रायफलीवरून तुम्ही स्वतः वाचून दाखवा. तो बहुधा ॲक्शनच्या (रायफलीच्या मुख्य यंत्रणेच्या) बाजूला बारीक अक्षरात कोरलेला असतो आणि सिलिंडरवर त्याहून ठळक असा वेगळाच क्रमांक असतो. घाईत सिलिंडरचा क्रमांक प्रमाणपत्रावर उतरला, तर परतताना रायफल जुळत नाही. बाहेर नवा सिलिंडर किंवा दुसरं बट (खांद्याला टेकवायचा मागचा भाग) घेतलं असेल, तर तेवढं परतताना वेगळं जाहीर करा. प्रमाणपत्र फक्त नेलेल्या वस्तूंपुरतंच असतं.